पडद्यावरील गुरू आणि पुढ्यातील शिष्य

सायंकाळची आरती आटोपून मंडळी सभामंडपात घटकाभर टेकली, म्हणजे गावातील बऱ्यावाईट साऱ्या गोष्टींचा परामर्श तेथे घेतला जातो, हा आमच्या मोहगावचा जुना परिपाठ आहे. अशाच एका बैठकीत मध्यंतरी एक सूचना पुढे आली. गावातील मुलांना दर रविवारी मराठी वाचन-लेखनाचे पाठ मिळावेत. शिकविणारे शिक्षक नागपुरास बसतील, मुले येथे मंडपालगतच्या खोलीत बसतील, आणि उभयतांची गाठ व्हिडिओ कॉन्फरन्सच्या पडद्यावर पडेल, अशी ती सूचना होती. सूचना साधी आणि खर्चही बेताचा. तरी तिच्यावरून मंडळींत दोन तट पडले. वडीलधाऱ्यांपैकी काहींचे म्हणणे असे, की गुरूच्या सान्निध्यावाचून विद्या नाही. पडद्यावर दिसते ती गुरूची छाया, गुरू नव्हे. तरुणांचे म्हणणे असे, की गंगा दाराशी आली असता ती नळातून आली म्हणून परत धाडण्यात कोणता धर्म आहे? दोन्ही पक्ष मनापासून बोलत होते, म्हणूनच निर्णय होऊ शकला नाही. त्या प्रश्नाचा शांतपणे विचार करून आमचे मत वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हा वाद वरवर पाहता यंत्राचा वाटतो. पण यंत्र चांगले की वाईट, या चर्चेतून आजवर कोणाच्या हाती काही लागलेले नाही. पोथी हाताने लिहिलेली असो वा छापलेली असो, वाचणारा जागा असेल तरच तिचा उपयोग. खरा प्रश्न असा, की शिकविणे म्हणजे नेमके काय, आणि जो शिकवितो त्याच्यावर शिकणाऱ्याविषयी कोणते उत्तरदायित्व येते? याचे उत्तर एकदा मनाशी ठरले, म्हणजे पडदा असावा की नसावा हे ठरविणे फारसे अवघड राहणार नाही.

यात आमचे काय गुंतले आहे, तेही सांगितले पाहिजे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर आणि विदर्भातील इतर जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि सौंसर-पांढुर्ण्याचा हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला व आमची सौंसर तहसील त्यात आली. पण कचेरीची आणि शाळेची भाषा हिंदी, आणि घरची व शेतातली भाषा मराठी, ही स्थिती पुष्कळ घरांत तशीच आहे. हिंदीविषयी आमच्या मनात यत्किंचितही दुजाभाव नाही; तिने आमच्या मुलांना अन्न दिले आहे आणि मोठे जग दाखविले आहे. परंतु संत्र्याच्या बागेत दिवसभर मराठीत बोलणारा मुलगा संध्याकाळी आजीची पोथी हाती घेतो आणि दोन ओळींत अडखळतो, हे दृश्य ज्याने पाहिले आहे त्यालाच त्यातील खंत कळेल.

तो अडखळतो कोठे? अक्षरे तर देवनागरीच आहेत आणि ती त्याला शाळेत उत्तम येतात. तो अडतो 'च' पाशी, 'ज' पाशी आणि 'ळ' पाशी. 'चार' हा आकडा म्हणताना जीभ एका ठिकाणी टेकते आणि गुरांचा 'चारा' म्हणताना दुसऱ्या ठिकाणी. 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा. लिहिताना दोन्ही एकच, उच्चारताना भिन्न. बोलताना हे भेद त्या मुलाला आपोआप साधतात. पण वाचू लागला की शाळेतील सवय पुढे होते आणि सारे 'च' एकसारखे होऊन जातात. 'ळ' ची कथा आणखी निराळी. आमच्या बोलीत 'डोळा' चा 'डोया' होतो. बोलीत तो गोडच लागतो. मात्र पोथीतला 'ळ' त्याला वेगळा शिकावाच लागतो. या गोष्टी पुस्तकाकडे पाहून कळत नाहीत. कोणीतरी समोर बसून ऐकावे लागते, आणि चुकले तेथे "पुन्हा म्हण, बाळा" असे म्हणावे लागते. नागपुरास बसलेल्या शिक्षकाला मोहगावच्या मुलाचा 'ळ' ऐकू येईल काय, आणि ऐकू आला तर तो त्याच्यापाशी थांबेल काय? आमच्या मते सारा प्रश्न या एका वाक्यात आला.

याचे उत्तर निव्वळ तर्काने देण्याचे कारण नाही. आपल्या डोळ्यांदेखत घडलेला अनुभव साक्षीला आहे. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली आणि शाळांची दारे बंद झाली. मध्य प्रदेश शासनाने त्या वर्षीच्या जुलै महिन्यात 'हमारा घर, हमारा विद्यालय' ही मोहीम सुरू केली. पाठ व्हॉट्सॲपवरून येऊ लागले, आकाशवाणीवरून येऊ लागले. कित्येक शिक्षकांनी वस्तीवस्तीत जाऊन, चार-चार मुले ओट्यावर बसवून शिकविले. त्या शिक्षकांचे ऋण समाजाने विसरू नये. पण पडद्याचे काय झाले? 'असर' या नावाने ग्रामीण शिक्षणाची जी देशव्यापी पाहणी होते, तिच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी शेकडा सुमारे ६८ जणांच्या घरी स्मार्टफोन होता. २०१८ मध्ये हेच प्रमाण शेकडा ३७ हूनही थोडे कमी होते, म्हणजे तीन वर्षांत ते जवळजवळ दुप्पट झाले. तथापि ज्यांच्या घरी फोन होता त्यांपैकीही शेकडा सुमारे २६ मुलांना तो अभ्यासासाठी मिळतच नव्हता. कारण उघड आहे. घरात फोन एक. तो सकाळी वडिलांच्या खिशातून कामावर जातो, आणि संध्याकाळी परत येतो तेव्हा मुलाच्या डोळ्यांवर झोप असते.

त्याच पाहणीच्या २०२२ च्या अहवालात असे आढळले, की तिसरीत असून दुसरीचा पाठ वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये शेकडा सुमारे २७ होती, ती साडेवीसपर्यंत उतरली. पुढे शाळा पूर्ववत् भरू लागल्यावर २०२४ मध्ये हे प्रमाण पुन्हा २७ च्या आसपास आले. यावरून पडदा निरुपयोगी ठरला, असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. कारण असंख्य मुलांपर्यंत पडदा पोचलाच नव्हता. पण एवढे मात्र निश्चित सिद्ध होते, की पाठ पाठविला म्हणजे तो पोचला असे नाही, आणि पोचला म्हणजे रुजला असेही नाही. पाठविणारा मात्र, पाठविण्याचे काम पुरे होताच, आपले कर्तव्य पुरे झाले असे समजू शकतो. या समजुतीत जो दोष आहे तो यंत्राचा नव्हे, तो माणसाचा आहे.

दुरून शिकविण्याचा प्रयोग आपल्या देशाला नवा नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ हे एक वर्ष अमेरिकेच्या 'एटीएस-६' या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे पाठ दाखविण्यात आले. त्या सहांत मध्य प्रदेशही होता. शेती, आरोग्य, मुलांसाठी विज्ञान असे विषय त्यात असत, आणि ज्या खेड्यांत वीज नवलाईची होती तेथे माणसे त्या पेटीपुढे गोळा होत. प्रयोग मोठा होता आणि त्यातून देश पुष्कळ शिकला. पण त्या पडद्यापुढे बसलेल्या मुलाला "मला हे समजले नाही" असे पडद्यातील माणसास सांगण्याची सोय नव्हती. २० सप्टेंबर २००४ रोजी आपला 'एज्युसॅट' हा खास शिक्षणासाठीचा उपग्रह आकाशात गेला, आणि दूरच्या वर्गातील आवाज शिक्षकापर्यंत परत नेण्याची व्यवस्था त्याच्या द्वारे करता आली. १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात चेहरा दाखविणारा दूरध्वनी लोकांनी कौतुकाने पाहिला होता. आज तोच, कितीतरी सुधारलेल्या रूपात, आमच्या गावातील बाजारकरूच्या खिशात आहे. म्हणजे जी परतीची वाट १९७५ मध्ये नव्हती, ती आज बांधून तयार आहे. त्या वाटेने कोणी चालतो की नाही, हा मात्र तंत्राचा प्रश्न नसून धर्माचा प्रश्न आहे.

दूरदर्शनाचा विषय निघाला की संजयाचे उदाहरण द्यावयाचे, अशी आपल्याकडे प्रथाच पडली आहे. "पाहा, आमच्याकडे हे पूर्वीच होते," असे म्हणून त्या उदाहरणाचा शेवट केला जातो. आम्हांस त्या अभिमानाशी कर्तव्य नाही. पण त्या कथेकडे शिक्षकाच्या दृष्टीने पाहिले तर तिच्यातून फार मोलाचा विचार हाती लागतो.

गीतेचा उपदेश एकच. पण तो तिघांनी ऐकला. अर्जुनाने रणांगणावर, प्रत्यक्ष श्रीकृष्णाच्या समोर ऐकला. संजयाने तो व्यासकृपेने लाभलेल्या शक्तीने ऐकला. आणि धृतराष्ट्राने तो संजयाच्या मुखातून, हस्तिनापुरात आपल्या आसनावर बसून ऐकला. शब्द तेच, क्रम तोच, अध्यायही तेच अठरा. आता फळ पाहा. अर्जुनाचा मोह गेला. संजय शेवटी सांगतो, की तो संवाद आठवून आठवून आपल्याला पुन्हा पुन्हा हर्ष होतो. आणि धृतराष्ट्र? संपूर्ण गीतेत त्याच्या मुखी एकच श्लोक आहे, आणि तो पहिलाच. माझ्या मुलांनी आणि पांडूच्या मुलांनी काय केले, एवढे विचारून तो जो गप्प बसला, तो अखेरपर्यंत बोलला नाही. त्याने काही विचारले नाही, त्याला कोणी काही विचारले नाही, आणि पुढच्या इतिहासावरून पाहता त्याच्यात काही बदलही झाला नाही.

सान्निध्य हेच सर्वस्व असते, तर दुरून ऐकणाऱ्या संजयाला काही मिळावयास नको होते. आणि संजयाच्या शेजारी बसलेल्या धृतराष्ट्राला निदान संजयाएवढे तरी मिळावयास हवे होते. तसे झाले नाही. तेव्हा शिकणे-न शिकणे हे अंतराच्या मापाने मोजता येत नाही. मग ते कशाने मोजावे? अर्जुनाकडे पाहिले म्हणजे उत्तर सापडते. तो सारखा मध्येच बोलतो. तुमचे बोलणे मला संमिश्र वाटते, माझी बुद्धी गोंधळते, अशी तो देवाजवळ सरळ तक्रार करतो. तुमचा जन्म तर अलीकडचा, मग हा योग तुम्ही सूर्याला पूर्वी कसा सांगितला, अशी शंका घेण्यासही तो कचरत नाही. श्रीकृष्ण त्यावर रागावत नाहीत. ते तीच गोष्ट दुसऱ्या अंगाने सांगतात. आणि शेवटी, अठराव्या अध्यायात, सारे सांगून झाल्यावर ते अर्जुनालाच विचारतात, की तू हे एकाग्र चित्ताने ऐकलेस ना? तुझा मोह गेला ना? साक्षात् भगवंतानेही "मी सांगितले, माझे काम झाले" असे मानले नाही; ऐकणाऱ्याला विचारून घेतले. त्या विचारण्यात शिकविण्याचा सारा धर्म आला, असे आम्हांस वाटते.

म्हणून आम्ही शिकविण्याची व्याख्या अशी करतो: जेथे शिष्य विचारू शकतो आणि गुरू विचारून घेतो, तेथे शिकविणे आहे, मग मध्ये हात दोन हातांचे अंतर असो की शंभर कोसांचे. जेथे या दोन्ही गोष्टी नाहीत, तेथे केवळ सांगणे आहे. मग गुरुजी त्याच खोलीत का उभे असेनात. साठ मुलांकडे पाठ करून फळ्यावर लिहीत राहणारा शिक्षक आपण सर्वांनी पाहिलेला आहे. त्याचे शरीर वर्गात होते; सान्निध्य होते असे कोण म्हणेल?

आमच्या देवस्थानी अर्धनारीश्वर आहेत. त्या मूर्तीतील एक अर्धांग वेगळे काढून त्याला देव म्हणता येत नाही. शिकविणे हेही तसेच दोन अर्धांगांचे आहे. पडद्यावरून सांगणारा कितीही विद्वान असो, समोरचे दुसरे अर्धांग मुके राहिले तर विद्येची मूर्ती पुरी होत नाही.

येथे कोणी एकलव्याचा दाखला देईल. त्याने तर मातीच्या मूर्तीपुढे विद्या मिळविली. ती मूर्ती बोलली नाही, तिने काही विचारले नाही. हे खरे आहे, आणि ज्याच्या अंगी तशी तळमळ आहे त्याला आजही ध्वनिचित्रमुद्रित पाठांवरून पुष्कळ शिकता येईल, हे आम्ही नाकारीत नाही. पण त्या कथेचा उत्तरार्ध आपण विसरतो. द्रोणाचार्यांनी एकलव्याला शिष्य म्हणून कधी स्वीकारले नव्हते. त्याच्या नेमाकडे, चुकीकडे, श्रमाकडे त्यांनी कधी दृष्टी टाकली नाही. त्याचे गुरुपण त्यांना आठवले ते दक्षिणा मागण्याच्या वेळी, आणि ती दक्षिणा म्हणजे उजव्या हाताचा अंगठा. ज्याला पाहिले नाही त्याच्याविषयी दया येत नाही. आणि ज्याला शिकविले नाही त्याच्याकडून घेण्याला मर्यादा राहत नाही. गुरूचे चित्र विकून दक्षिणा गोळा करण्याचा व्यवहार आजकाल पुष्कळ वाढला आहे. खेड्यातील बाप कर्ज काढून ती दक्षिणा देतो आणि मुलगा एका बोलक्या मूर्तीपुढे एकटा बसतो. तो मागे पडला तर कोणाला कळते? एकलव्य एखादाच असतो. बाकीच्या मुलांना कोणीतरी पाहणारे हवे असते.

पडद्याच्या अंगच्या मर्यादाही डोळ्याआड करता कामा नयेत. यंत्रातील टिपणारा डोळा एके ठिकाणी असतो आणि चेहरा दिसतो तो पडदा दुसऱ्या ठिकाणी. म्हणून शिक्षक मुलाच्या डोळ्यांकडे पाहू लागला की मुलाला तो खाली पाहतो असे दिसते, आणि मुलाला तो आपल्याकडे पाहतो असे दिसते तेव्हा प्रत्यक्षात तो मुलाकडे पाहत नसून यंत्राकडे पाहत असतो. नजरेला नजर म्हणून भिडत नाही. पुन्हा, जोडणी क्षीण असली म्हणजे आवाजातील बारीक घर्षण वाटेतच गळते. आणि दोन 'च' वेगळे ओळखावयाचे ते त्याच घर्षणावरून. उत्तर पोचण्यास क्षणाचा विलंब लागतो, तेवढ्यात संकोची मुलाचा धीर सुटतो. चाळीस-पन्नास चेहरे टिकलीएवढे होऊन एका पडद्यावर आले, तर त्यांत कोण समजून मान हलवितो आणि कोण घाबरून हलवितो, हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही. या अडचणी खऱ्या आहेत. त्यांवर उपाय आहेत, पण ते सारे माणसानेच करावयाचे आहेत.

ते उपाय ज्यांनी केले त्यांची उदाहरणे आपल्या मराठी मुलखातच आहेत. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकविणारे रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. दहा लाख डॉलरांपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. आम्हांस येथे दुसरी गोष्ट सांगावयाची आहे. पडद्यावरून दूरदूरच्या देशांतील मुलांशी गाठी घालून देणे, आभासी सहली घडविणे, हे त्यांच्या कामाचे एक प्रसिद्ध अंग होते. पण तो पडदा ज्या शाळेतून उघडत असे, तेथे त्या मुलांना नावाने ओळखणारा एक शिक्षक उभा असे. पडदा त्यांच्या जागी आला नव्हता. तो त्यांच्या हातात होता.

दुसरे उदाहरण सातारा जिल्ह्यातील फलटणचे. डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी उभारलेल्या तेथील प्रगत शिक्षण संस्थेत, प्राध्यापक सुगत मित्रा यांना २०१३ मध्ये मिळालेल्या टेड पारितोषिकातून निघालेल्या प्रयोगशाळांपैकी एक सुरू झाली. तत्पूर्वी, २००९ पासून, मित्रा यांच्या प्रेरणेने इंग्लंडातील व अन्यत्रचे कित्येक स्वयंसेवक, त्यांत पुष्कळसे निवृत्त शिक्षक, स्काइपवरून भारतातील मुलांशी बोलू लागले होते. लोक त्यांना कौतुकाने 'आज्या' म्हणू लागले. या आज्यांचे काम व्याख्यान देणे हे नव्हते. त्या गोष्ट वाचीत, मुलांना बोलते करीत, आणि मुलांनी काही करून दाखविले की "हे तू कसे केलेस?" असे नवलाने विचारीत. ज्या घरात आजी आहे त्या घरातील मुलाला या प्रश्नाची किंमत सांगावी लागत नाही. हजारो कोसांवरची परकी आजी ती गोष्ट पडद्यावरून देऊ शकली, कारण तिने मुलाला सांगण्यापेक्षा विचारण्याकडे लक्ष दिले. सान्निध्याचा अर्थ समजण्यास हे उदाहरण फार उपयोगी आहे.

तरीही वडीलधाऱ्यांच्या आक्षेपात एक सत्य उरतेच, आणि ते मान्य करण्यात आम्हांस कमीपणा वाटत नाही. मूल शिक्षकाकडून केवळ पाठ घेत नाही. शिक्षक बाजारात भाव कसा करतो, गरिबाशी कसा बोलतो, चूक झाली तर ती कबूल करतो की नाही, हेही ते पाहते आणि न सांगता उचलते. पडद्यावरचा शिक्षक तासाच्या ठोक्याला प्रकट होतो आणि तासाच्या ठोक्याला मावळतो. त्याच्या जगण्याचा तेवढाच तुकडा मुलाला दिसतो. ही उणीव नागपूरच्या शिक्षकाने कितीही जीव ओतला तरी भरून निघणारी नाही. ती भरून काढावयाची असेल तर ती मोहगावच्या माणसालाच भरून काढावी लागेल.

म्हणून आमचे मत असे, की ही सूचना स्वीकारावी. पण पडदा टांगून मोकळे होण्याच्या अटीवर नव्हे. मुलांचा गट दहा-बाराहून मोठा नसावा, म्हणजे प्रत्येकाचा आवाज दर रविवारी एकदा तरी शिक्षकाच्या कानी जाईल. शिक्षकाने सांगण्याइतकाच वेळ ऐकण्यास द्यावा. "समजले का?" असे सर्वांना मिळून विचारू नये, कारण त्याचे उत्तर नेहमी "हो" असेच येते; एकेका मुलाकडून वाचून घ्यावे. पाठ आपापल्या घरी न घेता मंडपालगतच्या खोलीतच व्हावा, हे तरुणांनी सुचविले आहे ते फार योग्य आहे. २०२० च्या त्या दिवसांत यंत्राच्या डोळ्याने एकाचे रंगविलेले दिवाणखाने दाखविले आणि दुसऱ्याची गळकी भिंत दाखविली. शरमेने आपला चेहरा झाकून बसलेली मुले काय शिकली असतील? एका छपराखाली, एका सतरंजीवर सारी मुले सारखी असतात, आणि फोन कोणाच्या बापाच्या खिशात आहे हा प्रश्नही तेथे उरत नाही.

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची अट अशी, की प्रत्येक पाठाच्या वेळी गावातील एक मोठे माणूस मुलांबरोबर त्या सतरंजीवर बसलेले असावे. ते विद्वान नसले तरी चालेल. आवाज तुटला तर "गुरुजी, पुन्हा सांगा" असे म्हणण्याइतके धीट असावे. मागच्या कोपऱ्यातील मुलगी गेले दोन रविवार बोललेली नाही, हे त्याच्या ध्यानात यावे. सोमवारी ती विहिरीवर किंवा दुकानात भेटली तर तिने वाचलेली ओळ त्याने तिला पुन्हा म्हणावयास सांगावी. नागपूरच्या शिक्षकाला जो 'ळ' ऐकू येणार नाही तो या माणसाला ऐकू येईल. धृतराष्ट्राच्या शेजारी संजय बसलेला होता, पण त्याने राजाला एकदाही विचारले नाही, की महाराज, आपल्याला यातून काय समजले? आमच्या खोलीत बसणाऱ्या माणसाकडून आम्ही एवढेच मागतो, की त्याने ते विचारावे.

हे सर्व वाचून कोणी म्हणेल, की मग या माणसानेच शिकवावे, पडदा कशाला? तसे होऊ शकले असते तर आम्ही हा लेख लिहिलाच नसता. आमच्यातील ज्यांना पोथी अस्खलित वाचता येते त्यांची संख्या वर्षावर्षाला कमी होत आहे, आणि जी राहिली आहेत त्यांतील कित्येकांना व्याकरण समजावून देता येत नाही. शिक्षक दूर आहे आणि ममता जवळ आहे. दोघांची गाठ घालून देणे एवढेच यंत्राचे काम. ते काम ते नीट करील, याविषयी आम्हांस फारशी शंका नाही. शंका आहे ती आमच्याविषयी. पहिल्या रविवारी सारे गाव कौतुकाने जमेल. दहाव्या रविवारी, कापूस वेचणीच्या किंवा संत्रा तोडणीच्या ऐन धामधुमीत, त्या सतरंजीवर मुलांबरोबर कोण बसणार?

वाचकहो, दोन्ही पक्षांना आमची विनंती आहे, की पडद्याच्या गुणदोषांवरील वाद येथे थांबवून या एका प्रश्नाचे उत्तर द्यावे. वडीलधाऱ्यांना सान्निध्याची महती पटलेली आहे, तर ते सान्निध्य देण्यास त्यांच्याहून योग्य कोण? आणि तरुणांना यंत्राची माहिती आहे, तर ते चालते ठेवण्याचा भार त्यांनी उचलावा. वर्षात बावन्न रविवार येतात. सव्वीस माणसांनी दोन-दोन रविवार वाटून घेतले तर कोणावर फार ओझे पडणार नाही. ज्यांची तशी तयारी असेल त्यांनी येत्या पौर्णिमेच्या आरतीनंतर मंडपात आपले नाव सांगावे. नावांची यादी पुरी झाली, तर पडदा आणण्यास आमची संमती आहे. आणि ती पुरी झाली नाही, तर पडदा आणूनही काही साधणार नाही, हे आम्ही आताच नम्रपणे सांगून ठेवतो.